ह्याला निवडून कुणी दिलं? अमेरिकेतला रनिंग मेट आणि त्यावरून होणारे वाद

२०२४ च्या ऑगस्टमधे कमला हॅरिसनी आपला रनिंग मेट, म्हणजे राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवाराबरोबर उभा राहणारा उपराष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार, म्हणून टिम वॉल्झचं नाव जाहीर केलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळीच सांगलीहून मामाचा फोन. मामा रिटायर्ड शिक्षक, पेपर पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचणार, आणि त्याचा प्रश्न एकच होता, "अगं पण ह्या वॉल्झला निवडून कुणी दिलं?" म्हटलं कुणी नाही, हॅरिसनी निवडला. "एकटीने?" हो, एकटीने. "आणि उद्या ती निवडून आली आणि तिला काही झालं तर हाच राष्ट्राध्यक्ष?" हो, हाच. मामा थोडा वेळ गप्प बसला, मग म्हणाला, "एवढी मोठी गोष्ट एका माणसाच्या हातात ठेवलीच कशी त्यांनी?"

मला तो प्रश्न इतका नेमका वाटला की तेव्हापासून हे नीट लिहायचं डोक्यात होतं. कारण दर चार वर्षांनी तिकडे रनिंग मेटवरून महिना दीड महिना वाद चालतो, टीव्हीवर पॅनल बसतात, आपल्याकडेही बातम्या येतात, आणि सगळी चर्चा असते ती कोण किती मतं आणेल याची. मामाने विचारलेलं बाजूलाच राहतं.

आधी आपल्याशी तुलना करून बघू, म्हणजे फरक कळेल. आपले उपराष्ट्रपती लोकसभा आणि राज्यसभेचे खासदार मतदान करून निवडतात, राष्ट्रपतींशी त्यांची जोडी वगैरे काही नसते. आणि राष्ट्रपती पदावर असताना गेले तर उपराष्ट्रपती फक्त तेवढ्यापुरतं काम बघतात, सहा महिन्यांच्या आत नवीन निवडणूक घ्यावी लागते. १९६९ च्या मे महिन्यात झाकीर हुसेन गेले तेव्हा व्ही. व्ही. गिरी हंगामी राष्ट्रपती झाले, मग स्वतः निवडणूक लढवायला त्यांनी राजीनामा दिला, मधले काही आठवडे सरन्यायाधीश हिदायतुल्ला यांनी काम पाहिलं, आणि ऑगस्टमधे गिरी रीतसर निवडून आले. अमेरिकेत असं काही नाही. तिथे राष्ट्राध्यक्ष गेला की उपराष्ट्राध्यक्ष त्याच दिवशी पूर्ण अधिकारांसकट राष्ट्राध्यक्ष होतो आणि उरलेली सगळी टर्म तोच. तीन वर्षं अकरा महिने उरले असले तरी तोच. आजपर्यंत अमेरिकेत ४५ माणसं राष्ट्राध्यक्ष झाली, त्यातली ९ अशी मधेच, उपराष्ट्राध्यक्ष पदावरून थेट त्या खुर्चीत बसली. आठ जण आधीचा वारला किंवा मारला गेला म्हणून, आणि एक, जेराल्ड फोर्ड, निक्सनने राजीनामा दिला म्हणून. म्हणजे दर पाचातला एक. हा आकडा मला कायम दचकवतो.

सुरुवातीला पद्धत वेगळी होती. ज्याला सगळ्यात जास्त मतं तो राष्ट्राध्यक्ष, दुसरा नंबर तो उपराष्ट्राध्यक्ष, साधा हिशोब. पण पक्ष तयार झाले आणि घोळ सुरू झाला. १७९६ मधे जॉन अ‍ॅडम्स जिंकला आणि त्याचा विरोधक थॉमस जेफरसन त्याचाच उपराष्ट्राध्यक्ष झाला, म्हणजे सरपंच एका पॅनलचा आणि उपसरपंच दुसऱ्या पॅनलचा असा प्रकार. १८०० मधे तर जेफरसन आणि त्याच्याच बाजूचा आरन बर दोघांना सारखी ७३ मतं पडली, कोण वर आणि कोण खाली हे ठरवायला प्रतिनिधी सभेला ३६ वेळा मतदान घ्यावं लागलं. त्यानंतर १८०४ मधे बारावी घटनादुरुस्ती आली आणि दोन्ही पदांची मतं वेगवेगळी झाली. मग पक्ष जोडीच उभी करायला लागले, आणि लोकांसमोर येते ती ही जोडी, एक माणूस हवा आणि दुसरा नको असं करता येत नाही.

त्या घटनादुरुस्तीत दोन बारीक अटी आहेत. एक म्हणजे जो राष्ट्राध्यक्ष व्हायला पात्र नाही तो उपराष्ट्राध्यक्षही होऊ शकत नाही. म्हणूनच बेळगावात वाढलेले आपले श्री ठाणेदार मिशिगनमधून अमेरिकेच्या संसदेत निवडून गेले, पण कुणी कितीही मनात आणलं तरी ते रनिंग मेट होऊ शकत नाहीत, कारण ते जन्माने अमेरिकन नाहीत. दुसरी अट अशी की एखाद्या राज्याचे इलेक्टर दोन्ही मतं आपल्याच राज्याच्या माणसांना देऊ शकत नाहीत. (इलेक्टर म्हणजे प्रत्येक राज्याच्या वाट्याला आलेले ठरावीक प्रतिनिधी, प्रत्येकाचं दोन्ही पदांसाठी एकेक मत, एकूण ५३८, जिंकायला २७० मतं लागतात, आणि बहुतेक राज्यांत जो जिंकतो तो तिथली सगळी मतं घेऊन जातो.) २००० साली जॉर्ज बुश टेक्सासचा आणि त्याला हवा असलेला डिक चेनी पण टेक्सासमधेच राहत होता. तर चेनीने नाव जाहीर व्हायच्या काही दिवस आधी जाऊन आपलं मतदार यादीतलं नाव वायोमिंगला हलवलं. उगाच नाही हलवलं, बुश जिंकला तो २७१ मतांवर आणि त्यातली ३२ टेक्सासची होती, ती चेनीला मिळाली नसती तर उपराष्ट्राध्यक्षाचं घोडं तिथेच अडलं असतं. आणि हा चेनी कोण, तर बुशसाठी रनिंग मेट शोधायचं काम ज्याच्याकडे दिलं होतं तोच!

बरं, तर जोडी ठरायला लागली, पण पुढची शंभर सव्वाशे वर्षं हे पद म्हणजे अडगळीची खोली होती. काम काय, तर सिनेटच्या खुर्चीवर बसायचं आणि समसमान मतं पडली तर आपलं मत टाकायचं. त्यामुळे कुणाला बसवायचं हा विचार पक्षाचे पुढारी आपल्या सोयीने करायचे. न्यूयॉर्कचा गव्हर्नर थिओडोर रूझवेल्ट तिथल्या पुढाऱ्यांना डोईजड झाला होता, ऐकत नव्हता, तर १९०० मधे त्याचा काटा काढायला म्हणून त्याला मॅकिन्लीचा उपराष्ट्राध्यक्ष करून टाकला. १९०१ च्या सप्टेंबरमधे मॅकिन्लीला गोळ्या घातल्या गेल्या आणि ज्याला गप्प बसवायला वर पाठवला होता तो ४२ व्या वर्षी राष्ट्राध्यक्ष झाला. लिंकनने १८६४ मधे आपला आधीचा उपराष्ट्राध्यक्ष बदलून टेनेसीचा अँड्र्यू जॉन्सन घेतला, दक्षिणेतला पण युनियनच्या, म्हणजे देश फुटू नये म्हणणाऱ्या उत्तरेच्या बाजूचा, यादवी युद्धाच्या काळात सगळ्यांना सोबत घेतोय असं दिसावं म्हणून. दुसऱ्या टर्मची शपथ घेतल्यावर सहा आठवड्यांत लिंकन गेला आणि गुलामगिरीतून सुटलेल्या लाखो लोकांचं पुढे काय होणार हे त्या जॉन्सनच्या हातात आलं, ज्याला त्यांच्या हक्कांची अजिबात फिकीर नव्हती. ह्या एका निवडीची किंमत लोकांनी किती पिढ्या मोजली ते वाचलं की पोटात कालवतं.

पण रनिंग मेट निवडणं म्हणजे काय हे ज्याला खरंच समजून घ्यायचंय त्याने १९४४ बघावं. महायुद्ध चालू, फ्रँकलिन रूझवेल्ट चौथ्यांदा उभा राहतोय, आणि तो आजारी आहे हे जवळच्या लोकांना डोळ्यांनी दिसतंय. म्हणजे आपण उपराष्ट्राध्यक्ष नाही तर पुढचा राष्ट्राध्यक्ष ठरवतोय हे पक्षाच्या पुढाऱ्यांना पक्कं माहीत होतं. सध्याचा उपराष्ट्राध्यक्ष हेन्री वॉलेस, कामगारांचा लाडका, डाव्या विचारांचा, पण पुढारी आणि दक्षिणेतले लोक त्याच्यावर खार खाऊन. दुसरं नाव जेम्स बर्न्स, तर त्याला कामगार संघटना आणि काळे मतदार स्वीकारणार नाहीत अशी भीती. आणि स्वतः रूझवेल्ट काय करत होता, तर सगळ्यांना आशेवर ठेवत होता. वॉलेससाठी पत्र दिलं की मी पक्षाच्या अधिवेशनातला प्रतिनिधी असतो तर ह्यालाच मत दिलं असतं, आणि पक्षाच्या अध्यक्षाकडे दुसरं पत्र की ट्रुमन किंवा न्यायमूर्ती डग्लस चालेल. इतका मोठा नेता, पण ह्या बाबतीत त्याचं वागणं मला अजिबात पटत नाही.

हॅरी ट्रुमन मिसुरीचा सिनेटर, तरुणपणी शर्ट-टायचं दुकान काढून बुडालेला, युद्धाच्या खर्चातला गैरव्यवहार शोधणाऱ्या समितीमुळे नाव झालेला. त्याला ते पद नकोच होतं. शिकागोच्या हॉटेलात पुढारी त्याला घेऊन बसले आणि रूझवेल्टला फोन लावला, रूझवेल्टचा आवाज इतका मोठा की खोलीत सगळ्यांना ऐकू यायचा, त्याने विचारलं तो माणूस तयार झाला का, नाही म्हटल्यावर म्हणाला युद्ध चालू असताना त्याला पक्ष फोडायचा असेल तर ती जबाबदारी त्याची. आणि फोन ठेवला. अधिवेशनात पहिल्या फेरीत वॉलेसच पुढे होता, दुसऱ्या फेरीत ट्रुमन आला.

उपराष्ट्राध्यक्ष म्हणून ट्रुमन राहिला एकूण ८२ दिवस, आणि तेवढ्यात रूझवेल्टने त्याला जवळ बसवून काही सांगितलं असं झालंच नाही. १२ एप्रिल १९४५ च्या दुपारी तो सिनेटच्या खुर्चीवर बसून, समोर भाषण चालू असताना, आईला आणि बहिणीला पत्र लिहीत होता. सभा संपल्यावर सभापती रेबर्नच्या खोलीत जरा बसायला गेला तर निरोप, ताबडतोब व्हाइट हाऊसला या. तिथे वरच्या मजल्यावर एलिनॉर रूझवेल्टनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि सांगितलं, हॅरी, राष्ट्राध्यक्ष गेले. त्याला काही सुचेना, मग त्याने विचारलं मी तुमच्यासाठी काही करू शकतो का, तर त्या म्हणाल्या, आम्ही तुमच्यासाठी काही करू शकतो का ते सांगा, कारण आता संकटात तुम्ही आहात. नवरा गेलेली बाई हे बोलतेय! त्याच संध्याकाळी शपथ झाली, आणि त्यानंतर युद्धमंत्री स्टिमसन मागे थांबला आणि त्याने ट्रुमनला पहिल्यांदा सांगितलं की आपण एक प्रचंड ताकदीचं स्फोटक बनवतोय. सविस्तर माहिती मिळाली २५ एप्रिलला. ऑगस्टमधे हिरोशिमा. म्हणजे अणुबाँब टाकायचा निर्णय ज्याच्याकडे आला त्याला चार महिन्यांपूर्वी असा बाँब आहे हेच धड माहीत नव्हतं, आणि तो तिथे आला का, तर शिकागोत बाकीच्या नावांना कुणा ना कुणाचा विरोध होता म्हणून.

मतं आणण्याबद्दल बोलायचं तर सगळे १९६० चं उदाहरण देतात आणि ते बरोबरही आहे. केनेडी मॅसॅच्युसेट्सचा, कॅथलिक, तरुण, आणि त्याने घेतला टेक्सासचा लिंडन जॉन्सन, जो त्याच्याशीच उमेदवारीसाठी भांडला होता. केनेडीच्या घरात पण हे पटलं नव्हतं, भाऊ रॉबर्ट तर लॉस एंजेलिसच्या हॉटेलात जॉन्सनच्या खोलीत जाऊन तुम्ही नाव मागे घ्या म्हणून सांगून आला. पण टेक्सास जिंकलं, ते जेमतेम ४६ हजार मतांनी, जॉन्सनशिवाय ते झालं नसतं असं मलाही वाटतं. अडचण अशी की ह्या एका उदाहरणावर पुढची साठ वर्षं लोक हिशोब मांडत बसले. १९८८ मधे डुकाकिसने टेक्सासचाच बेंटसन घेतला, बेंटसनने डिबेटमधे समोरच्या डॅन क्वेलला, तुम्ही जॅक केनेडी नाही, असं सुनावलं, ते वाक्य अजून लोक सांगतात, आणि निकाल काय, तर टेक्सास गेलं आणि एकूण ४० राज्यं थोरल्या बुशकडे. २००४ ला केरीने नॉर्थ कॅरोलिनाचा एडवर्ड्स घेतला, नॉर्थ कॅरोलिना गेलं. २०१२ ला रॉमनीने विस्कॉन्सिनचा पॉल रायन, विस्कॉन्सिन गेलं. लोक मत देतात ते वरच्या नावाला.

तरी खालचं नाव बुडवू मात्र शकतं, निदान वरच्या माणसाबद्दल शंका नक्की निर्माण करतं. १९७२ मधे जॉर्ज मॅकगव्हर्नने मायामी बीचला घाईघाईत, दोन-चार जणांनी नाही म्हटल्यावर, मुदत संपायला आलेली असताना फोनवर थॉमस ईगल्टनला विचारलं. भूतकाळात काही आहे का विचारल्यावर तो नाही म्हणाला. मग बाहेर आलं की डिप्रेशनमुळे तो तीनदा हॉस्पिटलमधे होता आणि त्याला विजेचे शॉक दिले होते. मॅकगव्हर्न आधी म्हणाला मी हजार टक्के त्याच्या पाठीशी आहे, आणि थोड्याच दिवसांत त्याला काढलं. १८ दिवसांचा रनिंग मेट. लोकांनी ह्यातून जो धडा घेतला तो असा की आधी चौकशी कसून करा, आणि तेव्हापासून ते व्हेटिंग सुरू झालं, वकिलांची फौज, वर्षानुवर्षांचे टॅक्सचे कागद, आजारपणं, जुनी भाषणं, घरच्यांचे व्यवहार, सगळं उपसून काढतात, आपल्याकडे लग्न ठरवताना करतात त्याच्या शंभरपट. ते योग्यच आहे. पण मला ईगल्टनबद्दल वाईट वाटतं ते वाटतंच. उपचार घेऊन बरा झालेला माणूस, पुढे १९८७ पर्यंत सिनेटर राहिला, मिसुरीच्या लोकांनी त्याला परत परत निवडून दिलं, म्हणजे काम करू शकत होता की. लपवलं ही चूक खरी, पण सांगितलं असतं तर घेतला असता का? आणि आपल्याकडे आजही कुणी सांगेल का?

२००८ चं साराह पेलिन प्रकरण बहुतेकांना आठवत असेल. रिपब्लिकन उमेदवार मॅककेनच्या मनात जोसेफ लिबरमन होता, विरोधी पक्षातून आलेला मित्र, पण पक्षात गर्भपाताच्या मुद्द्यावरून बंड होईल म्हणून तो बेत सोडला आणि दोन वर्षंही गव्हर्नरपद न झालेल्या पेलिनचं नाव २९ ऑगस्टला जाहीर केलं. त्याच दिवशी मॅककेनला ७२ पूर्ण झाली. आठवडाभर सभांना तोबा गर्दी, आणि मग टीव्हीवरच्या मुलाखतीत साध्या साध्या प्रश्नांना उत्तरं येईनात. ७२ वर्षांच्या माणसाच्या मागे उद्या ही, हा विचार लोकांच्या मनात आला तो तेव्हा. पुढे मॅककेनने स्वतःच सांगितलं की लिबरमनलाच घ्यायला हवं होतं.

एक गोष्ट मात्र १९७७ नंतर बदलली, आणि चांगली बदलली. कार्टरने आपला उपराष्ट्राध्यक्ष मॉन्डेल याला व्हाइट हाऊसच्या वेस्ट विंगमधे, म्हणजे स्वतःच्या शेजारीच, ऑफिस दिलं, दर आठवड्याला दोघं एकत्र जेवायचे, सगळे गुप्त कागद त्याच्याकडेही जायचे. ट्रुमनसारखी वेळ परत येऊ नये अशी सोय झाली. म्हणून आता निवडताना ह्याच्याबरोबर मला रोज काम करता येईल का हाही प्रश्न असतो.

२०२४ चा वाद ह्याच्यातूनच झाला. २१ जुलैला बायडननी माघार घेतली, हॅरिसकडे जेमतेम दोन आठवडे. शेवटी उरले पेनसिल्व्हेनियाचा गव्हर्नर जॉश शपीरो आणि मिनेसोटाचा गव्हर्नर टिम वॉल्झ. शपीरोच्या बाजूने बोलणारे म्हणत होते की पेनसिल्व्हेनियाची १९ मतं म्हणजे अख्खी निवडणूक, आणि तो तिथे २०२२ मधे दणकून निवडून आलाय. विरोधक गाझावरची त्याची भूमिका काढत होते, आणि त्यावर उलट विचारलं जात होतं की बाकीच्यांची भूमिका फारशी वेगळी नाही मग ज्यू माणसालाच हे का विचारता. तो प्रश्न खोटा नव्हता. वॉल्झ म्हणजे शाळामास्तर, फुटबॉल कोच, २४ वर्षं नॅशनल गार्डमधे, खेड्यातला वाटणारा माणूस, पण मिनेसोटा १९७२ नंतर रिपब्लिकनांकडे गेलेलंच नाही, त्यामुळे राज्य आणायचा प्रश्नच नव्हता. ६ ऑगस्टला वॉल्झचं नाव आलं आणि जोडीची पहिली सभा झाली फिलाडेल्फियात, शपीरोच्याच राज्यात, आणि शपीरोने त्या स्टेजवर उभं राहून जोरदार भाषण केलं.

निकालानंतर किती लोकांनी लिहिलं, शपीरो घेतला असता तर! बरं, धरा की घेतला असता आणि सव्वा लाखाच्या आसपासची ती पिछाडी भरून निघून पेनसिल्व्हेनिया आलं असतं. हॅरिसना मिळाली २२६, त्यात १९ टाकली की २४५. २७० लागतात. सातही अटीतटीची राज्यं ट्रम्पकडे गेली होती, रनिंग मेट बदलून हे भरून येणारं नव्हतं.

मामाला हे सगळं सांगितल्यावर तो म्हणाला, मग उपराष्ट्राध्यक्षाने मतं आणायची नाहीत, राष्ट्राध्यक्ष ठणठणीत असेल तर काही करायचंही नाही, मग एवढी चर्चा कशाला? मी त्याला माइक पेन्सचं सांगितलं. २०१६ मधे ट्रम्पने इंडियानाचा गव्हर्नर पेन्स घेतला तो धार्मिक ख्रिश्चन मतदारांना भरवसा वाटावा म्हणून, सगळी चर्चा तेवढीच होती. चार वर्षं तो मागे उभा राहिला. आणि मग ६ जानेवारी २०२१, निवडणुकीची मतं संसदेत उघडून मोजायची आणि खुर्चीवर उपराष्ट्राध्यक्ष, कारण घटनेत तसंच आहे. ट्रम्पचा दबाव की ही मतं स्वीकारू नकोस, पेन्स म्हणाला मला तो अधिकारच नाही. बाहेर त्याला फाशी द्या म्हणून घोषणा, आत घुसलेला जमाव, आणि तो इमारत सोडून जायला तयार नाही. पहाटे साडेतीननंतर मोजणी पूर्ण करूनच तो उठला. २०१६ च्या जुलैमधे त्याच्याबद्दल जे लिहून आलं त्यातलं मी बरंच वाचलंय, अशी वेळ आली तर तुम्ही काय कराल असं त्याला कुणी विचारल्याचं माझ्या वाचनात तरी नाही.

२०२४ ला तो प्रश्न विचारला गेला. १ ऑक्टोबरला न्यूयॉर्कमधे दोन रनिंग मेटची डिबेट झाली, बहुतेक वेळ दोघं एकमेकांशी अगदी सभ्यपणे बोलत होते. शेवटाकडे वॉल्झने ट्रम्पचा रनिंग मेट जे. डी. वान्सकडे वळून सरळ विचारलं, २०२० ची निवडणूक ट्रम्प हरले होते का? वान्स म्हणाला, "टिम, माझं लक्ष भविष्याकडे आहे."